डाव्या कोपऱ्यातला हात

'हळूहळू' हा शब्द कानावर पडला की माझं डोकं फिरतं. नातवाला शाळेची हळूहळू सवय लागेल, असं सूनबाई परवा सहज म्हणाली, तर मी ताटावरून उठून ओसरीत जाऊन बसलो. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं एका साध्या शब्दावर एवढं चिडणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. पण या शब्दाची आम्ही जालन्यात जी घाण करून ठेवली ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. त्यात माझाही वाटा आहे, म्हणून तातेराव हिवाळे यांची हकिकत सांगायचं काम माझ्याकडंच येतं.

तातेराव रेल्वेत पॉइंटमन होते. येणारी गाडी कोणत्या रुळावर घ्यायची तो खटका ओढायचा, हे त्यांचं काम. त्याआधी आठ वर्षं ते सिकंदराबादला होते आणि तिथल्या रेल्वेच्या संघातून कबड्डी खेळले होते. सहासष्ट साली बदली होऊन जालन्याला आले तेव्हा त्यांचं वय पस्तिशीच्या आसपास असेल. बुटके, रुंद, जाड मनगटांचे, आणि बोलण्यात इतके मऊ की हा माणूस मैदानात कुणाला आडवा करत असेल यावर विश्वास बसू नये. रुळापलीकडच्या बौद्ध वस्तीत त्यांचं घर होतं. आमच्या तोंडी त्या वस्तीचं जुनंच नाव होतं, ते मी इथं लिहीत नाही.

मस्तगडला आमचं क्रीडा मंडळ होतं. मोंढ्यात अडत असलेले रखमाजी अण्णा अध्यक्ष, आणि मी चिटणीस. मी तहसील कचेरीत कारकून होतो, अक्षर चांगलं होतं, म्हणून इतिवृत्त लिहायचं आणि सामन्यात गुण मांडायचे हे माझ्याकडं आलं. मंडळात ताकदीची पोरं भरपूर होती, खेळ मात्र कुणालाच येत नव्हता. एका रविवारी तातेराव मैदानाच्या कडेला उभे राहून बघत होते. मध्येच म्हणाले, "तुमचे सातही जण एकदम पळून राह्यले. एकानं तरी थांबायला पाहिजे ना." दुसऱ्या रविवारी आम्ही त्यांना मैदानात घेतलं, आणि तिथून पुढची नऊ वर्षं त्यांनी आम्हाला फुकट शिकवलं.

नऊ वर्षांत ते आमच्या माठातलं पाणी कधी प्याले नाहीत. रेल्वेची पत्र्याची बाटली बरोबर आणायचे. आम्ही समजायचो, माणसाची सवय आहे. ही सवय कुणी लावली हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. मी त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, तरी त्यांना अरे-तुरे करायचो आणि ते मला केशवराव म्हणायचे. आता लिहिताना अहो-जाहो करतो आहे, त्याचा त्यांना काडीचा उपयोग नाही.

त्यांची शिकवण्याची रीत मात्र मी आजवर दुसरीकडं पाहिली नाही. तेरा-चौदा वर्षांचं पोरगं आलं की पहिलं वर्षभर त्याला मैदानात पायच ठेवू देत नसत. रुळाच्या कडेनं तारेचे खांब होते. एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत दोन खांब, मग तीन, मग चार. दम आला की कुमार गटात, बरोबरीच्या पोरांत. आणि कुमार गटातून खुल्या गटात, म्हणजे जिथं पोलिसांचे, गिरण्यांचे, दाढीमिशावाले गडी खेळतात तिथं जाण्यासाठी त्यांचा एक पक्का नियम होता. पहिला अख्खा मोसम चढाई करायची नाही. डाव्या कोपऱ्यात संघाचा सगळ्यात मुरलेला गडी असतो, त्याच्या शेजारी, त्याचा हात धरून उभं राहायचं.

या हात धरण्याला, म्हणजे साखळीला, त्यांच्या लेखी फार अर्थ होता. मोठ्यानं पोराचा तळवा एकदा दाबला की थांब. दोनदा दाबला की घाल झडप. समोर चढाईवाला नाचत असतो, लोक बोंबलत असतात, पोराच्या डोळ्यांना काही सुधरत नाही, पण हाताला कळतं. मोसमभर असं उभं राहिलं की मोठ्याची अक्कल पोराच्या बोटांतून वर चढते, असं ते म्हणायचे. "पोहायला शिकवताना पोराला कंबरेला भोपळा बांधतेत का न्हाई? नुसतं हिरीत ढकलून दिलं तर पोरगं पाण्याला भ्यायला शिकतंय, पोहायला न्हाई. हळूहळू घ्यायचं." त्यांच्या त्या 'हळूहळू'ला तारीख असायची. अमुक पोरगं या दिवाळीला कोपऱ्यात उभं राहील, पुढच्या होळीनंतर चढाई करील, हे ते आधी सांगायचे आणि तसंच व्हायचं. अशी सहा पोरं त्यांनी आमच्या संघाला दिली. सहाही आमच्याच गल्ल्यांतली होती, म्हणून कुठं काही अडलं नाही.

सातवा संपत मगरे. तो तातेरावांच्या वस्तीतला. बाप नव्हता, आई उषाबाई जिनिंगमध्ये कामाला जायची. सत्तर साली आला तेव्हा तेरा वर्षांचा होता. चार खांबांचा दम त्यानं पाच महिन्यांत केला. कुमार गटात दोन वर्षं खेळला आणि त्या दोन वर्षांत एकदाही उचलून बाहेर टाकला गेला नाही. कुमार गटातली पोरं त्याचा हात धरायची, कारण पोरं होती, त्यांना अजून अक्कल आलेली नव्हती.

त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतर तातेरावांनी त्याला खुल्या गटाच्या सरावाला आणलं. डाव्या कोपऱ्यात आमचा मुकुंद होता. मुकुंद विमा कचेरीत नोकरीला, जुन्या जालन्यात घरचं कापडाचं दुकान, आणि त्याच्या तोडीचा कोपऱ्याचा गडी तेव्हा आसपासच्या चार तालुक्यांत नव्हता. स्वभावानं चांगला. कुणाच्या घरी आजारपण असलं तर पहिला हजर. वाईट माणसाबद्दल लिहायला सोपं असतं, मुकुंदबद्दल लिहिताना माझी चिडचिड होते ती त्यामुळंच.

तातेराव म्हणाले, "संपत, मुकुंदरावांचा हात धर." संपतनं हात पुढं केला. मुकुंदनं दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि समोर बघत राहिला. ऐकू गेलं नसेल म्हणून तातेरावांनी पुन्हा सांगितलं. मग मुकुंदनं त्या पोराच्या हाताकडं एकदा पाहिलं आणि म्हणाला, "तातेराव, याच्या हाताला फार घाम आहे. पकड बसणार नाही."

हात अजून धरलेलाच नव्हता.

इथं एक सांगतो, म्हणजे किळस नेमकी कशाची ते कळेल. याच मुकुंदनं सरावात संपतचा घोटा शंभर वेळा पकडला होता. कंबरेला मिठी मारून त्याला मातीत लोळवलं होतं, छातीवर बसला होता. ते सगळं चालत होतं. चढाईला आलेल्याला पाडायचं असतं, त्याला कुठंही धरलं तरी चालतं. पण शेजारी उभं राहून, पाडायचं काही नसताना, बरोबरीनं हात धरून वाट बघायची, ते त्याला जमेना. मला त्या दिवशी हे कळलं. कळूनही मी गुणांची वही चाळत बसलो.

तातेरावांनी मग उजवीकडं बघितलं. उजव्या कोपऱ्यातले दोघं लगेच म्हणाले की आमची जोडी शाळेपासूनची आहे, ती फोडली तर खेळ बिघडेल. मधले म्हणाले, आम्ही मधले, आम्हाला साखळीचं काय कळतं. पाच मिनिटांत सात धडधाकट गड्यांनी आपापले हात सोडवून घेतले, आणि एकानंही तोंडातून वाकडा शब्द काढला नाही.

त्या आठवड्यात रखमाजी अण्णांच्या अडतीवर बैठक झाली. चहा झाला. अण्णा म्हणाले, "पोरगं बेस आहे, वादच न्हाई. पन कवळं आहे अजून. तातेरावच सांगतो ना, हळूहळू घ्यायचं? मंग घेऊ हळूहळू." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी लिहिलं: कुमार खेळाडू संपत मगरे यास टप्प्याटप्प्याने खुल्या गटात घेण्याचे ठरले. टप्पा कोणता, कधीचा, ते कुणी विचारलं नाही. तातेरावांचा शब्द आम्ही उचलला आणि त्यांच्याच तोंडावर मारला. आपल्याच माणसांनी आपलीच गोष्ट अशी हातात ठेवली तर माणूस भांडणार तरी कशावरून?

पुढचं सांगायला मला लाज वाटते. त्या पोरानं घामाची गोष्ट खरी मानली. सोळा वर्षांचं पोर, त्याला वाटलं आपल्या हातातच खोट आहे. सरावाआधी तो तळव्यांना राख चोळायला लागला. कुणीतरी तुरटी सांगितली, तर तुरटीच्या पाण्यात हात बुडवून बसायचा. एका वैद्याकडं जाऊन कसला लेप आणला. तातेराव त्याला सांगत होते की नको रे करू हे, पण ते खरं कारण सांगू शकत नव्हते. कसं सांगणार? पोरगं चार महिन्यांनी मैदानात आलं आणि मुकुंदपुढं दोन्ही तळवे धरून म्हणालं, "बघा मुकुंददादा, बिलकुल कोरडा हे. हात लावून बघा."

तळव्यांना भेगा पडल्या होत्या. मुकुंदनं वाकून पाहिलं, हात न लावता, आणि म्हणाला, "आता फार खरखरीत झालाय रे. टोचेल."

एवढं ऐकून मी घरी जाऊन जेवलो होतो. पोटभर.

दोन मोसम असे गेले. संपत कडेला बसायचा, पाणी आणायचा, रेषा आखायचा. सरावात कुणी कमी पडलं की चढाईला उभा राहायचा आणि आमच्या खुल्या गटाची पार त्रेधा उडवायचा. मग लोक म्हणायचे, काय पोरगं आहे! आणि परत त्याला चुन्याची बादली द्यायचे.

पंचाहत्तरच्या दिवाळीत तातेराव माझ्याकडं कचेरीत आले. बस म्हटलं तरी उभेच राहिले. सिकंदराबादच्या रेल्वे संघाचे यादगिरी म्हणून त्यांचे जुने कप्तान होते. आता ते संघासाठी नवी पोरं निवडत होते. खेळावर रेल्वेत नोकरी. जानेवारीत आमच्या मैदानावर निमंत्रित संघांचे सामने होते, ते बघायला यादगिरी येणार होते. "केशवराव, संपतला ते बघायला यायलेत. वयाची अट एकोणीसची हे, त्याचं हे शेवटचं साल. खुल्या गटात उतरलेला दिसला पाहिजे, कोपऱ्यात. त्येंना कोपऱ्याचा गडी पाहिजे. यंदा त्याला घ्या. मी तुमच्या पाया पडतो." आणि खरोखर वाकायला लागले. मी खुर्चीतून उठलो. त्यांना दंडाला धरून उभं करायला हवं होतं. मी म्हणालो, "अरे, हे काय, हे काय," आणि टेबलाच्या अलीकडंच राहिलो.

डिसेंबरात मुकुंदच्या शेजारी उभा राहणाऱ्या कचरूच्या गुडघ्यात पाणी झालं. आता त्या जागेवर खेळायला संपतशिवाय कुणीच नव्हतं. मुकुंद म्हणाला, मग मी बसतो. अण्णा हादरले. निमंत्रित सामने, गावोगावचे पाहुणे, आणि मुकुंद बाहेर? तातडीची बैठक झाली, तीत मी तोंड उघडलं. मला एक तोडगा सुचला होता आणि तो मला भलताच हुशारीचा वाटला होता. म्हणालो, "घामाचाच प्रश्न आहे ना? मग दोघांनी मध्ये हातरुमाल धरावा. एक टोक याच्या हातात, एक त्याच्या. घामही नाही, साखळीही झाली."

सगळे खूश. अण्णांनी माझी पाठ थोपटली. मी स्वतः जाऊन निळ्या काठाचे पांढरे हातरुमाल घेतले, मळले तर बदलता यावेत म्हणून चांगले चार.

तातेरावांना ते दाखवले तेव्हा त्यांनी एक उलगडला, दोन टोकं धरून ताणला आणि बराच वेळ बघत राहिले. "याच्यातून दाबलेलं कसं कळंल, केशवराव?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, "ओढून खूण करता येईल की." नकार दिला असता तर संपतचं साल गेलं असतं. त्यांनी रुमालाची घडी केली आणि खिशात ठेवली.

जानेवारीत सामने झाले. आमची गाठ पडली ती बाहेरगावच्या पोलिसांच्या संघाशी. मैदानाभोवती माणूस मावत नव्हता. यादगिरी पहिल्या रांगेत बसले होते, पांढरे केस, हातात वेताची काठी. तातेराव आमच्या बाजूला जमिनीवर उकिडवे बसले, आणि मी टेबलापाशी.

पोलिसांचा पहिला चढाईवाला आला. सहा फुटी हवालदार. त्यानं डाव्या कोपऱ्याकडं पाहिलं आणि खेळता खेळता त्याला हसू फुटलं. 'कबड्डी कबड्डी' म्हणताना दात दिसत होते. दोन गड्यांच्या मध्ये वीतभर रुमाल लोंबतो आहे, असं त्यानं जन्मात पाहिलं नसणार. तो सरळ तिथंच घुसला. मुकुंदनं थांबायची खूण म्हणून रुमाल ओढला. संपतला वाटलं, झेप घ्यायची खूण. तो एकटाच पुढं गेला, हवालदारानं त्याच्या खांद्याला टप्पल मारली आणि परत फिरला. संपत बाद.

परत आत आला तेव्हा दुसऱ्या चढाईला मुकुंदच्या हातून रुमालाचं टोक सुटलं. सुटलं की सोडलं, ते त्यालाच ठाऊक. संपत हातात लोंबता रुमाल घेऊन मैदानाच्या मधोमध उभा, आणि चढाईवाला त्याला शिवून गेलाही. लोक खदाखदा हसले. कुणीतरी ओरडलं, "अरे, नाक पुसायला आल्ता काय?" तिसऱ्या वेळी हवालदार दोघांच्या मधून आरपार गेला, रुमाल टर्रकन फाटला. मी वहीत गुण मांडत होतो. उरलेले तीन रुमाल माझ्या खिशात होते.

मध्यंतराला आम्ही अकरा गुणांनी मागं होतो. अण्णा लालबुंद झाले होते. मुकुंद घाम पुसत म्हणाला, "पोरगं कच्चं आहे. मी पहिल्यापासून सांगतोय, याला हळूहळू घ्या."

नऊ वर्षांत मी तातेरावांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. तेव्हाही चढला नाही. ते उठून मुकुंदपुढं उभे राहिले. "मुकुंदराव, त्याचा हात धरा. उरलेली वीस मिन्टं. मंग जन्मात धरू नका. पन आता धरा." मुकुंदनं अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी चिटणीस होतो, नियमानं संघ मी लिहून द्यायचो, मी एक शब्द बोललो असतो तर त्या घडीला काहीतरी झालं असतं. मी वहीत पाहिलं. मुकुंद म्हणाला, "ऐन सामन्यात असं काही करता येतं का, तातेराव?"

तातेराव संपतकडं वळले. पोराच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्याला त्या मध्यंतरात कळलं होतं, तुरटी का लागू पडली नाही ते. चेहऱ्यावर दिसत होतं. तातेराव म्हणाले, "साखळी सोड. चढाईला जा. पहिल्या सालात चढाई न्हाई म्हन्लो होतो, ते मी मागं घेतो." आयुष्यभर पाळलेला नियम त्यांनी तिथं मोडला.

मग जे झालं ते जालन्यातल्या म्हाताऱ्यांना अजून आठवतं. संपतनं एकट्यानं चौदा गुण आणले. त्या हवालदाराला दोनदा बाद केलं. एकदा तिघं अंगावर असताना त्यांना ओढत मध्यरेषेला बोट टेकवलं. लोक नावानं ओरडत होते. आम्ही दोन गुणांनी हरलो, पण हरल्यासारखं कुणाला वाटलं नाही. अण्णा उठून टाळ्या वाजवत शेजारच्या पाहुण्याला सांगत होते, "आपलं पोरगं हे! आपल्या मंडळाचं!" अण्णांच्या त्या 'आपलं'ची मला शिसारी आली. तरी मीही टाळ्या वाजवल्या.

गर्दी पांगल्यावर तातेराव संपतला घेऊन यादगिरींकडं गेले. मी मागं होतो. यादगिरींनी पोराच्या पाठीवर हात ठेवला, मांड्या चाचपल्या, मग मान हलवली. "बच्चा अकेला शेर है, तातेराव. मगर मेरे कने चढाईवाले चार हैं. मेरेकू कोपरे का होना था. जंजीर में खडा होना नहीं आता इसकू. बडे लोगां के साथ कभी खिलाए नहीं क्या तुम?"

तातेराव म्हणाले, "सिखाया साहब. हाथ नहीं मिला."

"किसका हाथ?"

तातेरावांनी मान मैदानाकडं वळवली. यादगिरींनी तिकडं पाहिलं. फाटका रुमाल मातीत पडला होता. पलीकडं मुकुंद आणि बाकीचे माठाभोवती उभे राहून पाणी पीत होते. म्हाताऱ्यानं ते सगळं पाहिलं, काठीवर जोर देऊन उठला आणि म्हणाला, "अगले साल देखते." पुढच्या साली संपत वयात बसणार नव्हता, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. रेल्वेला कोपऱ्याचा गडी हवा होता आणि ते एकच काम त्या पोराला आम्ही शिकू दिलं नव्हतं.

त्या आठवड्याच्या इतिवृत्तात एक ओळ आहे: नवख्या खेळाडूस घाईने खुल्या गटात उतरविल्यामुळे संघास पराभव पत्करावा लागला. अक्षर माझं आहे. सही माझी आहे.

संपत औरंगाबादला चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लागला. नंतर कबड्डी खेळला नाही म्हणतात. तातेराव त्या दिवसापासून मैदानावर आले नाहीत. मुकुंदनं पुढं तीन वर्षं कोपरा सांभाळला, त्याचा सत्कारही झाला, मानपत्र मी लिहिलं.

त्या सामन्यानंतरच्याच मार्चमध्ये अण्णांनी मला तातेरावांकडं पाठवलं. कुमार गटात आमच्या गल्लीतली नवी पोरं आली होती, त्यांना घडवायला माणूस पाहिजे होता. नऊ वर्षांत मी पहिल्यांदा रूळ ओलांडून त्यांच्या घरी गेलो. दुपारची पाळी संपवून ते दारात खाटेवर बसले होते. मला बघून उठले, खाटेवर जागा केली. त्यांच्या पत्नी, प्रभावतीबाई, चहा टाकते म्हणाल्या. मी म्हणालो, "नको, आत्ताच घेऊन निघालो." घेतला नव्हता.

मी माझं बोलून घेतलं. नवी पोरं चांगली आहेत, मंडळ तुझ्याशिवाय पांगळं आहे, झालं गेलं विसर. मुकुंदवर मनसोक्त तोंडसुख घेतलं. त्याला किती किळस येते, असल्या माणसांची मला किती किळस येते, माणसानं माणसाचा हात धरू नये म्हणजे काय, हे मी तावातावानं बोललो. खोटं बोलत नव्हतो. मला खरंच तसं वाटत होतं.

तातेरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी माझा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि गुडघ्यावर ठेवला. जाड, उबदार, खटका ओढून ओढून टणक झालेला पंजा. नऊ वर्षांत मी त्यांचा हात हातात घेतला नव्हता, हे मला तेव्हा समजलं. ते समोर रुळांकडं बघत होते. प्रभावतीबाई दारात उभ्या होत्या. समोरून दोन बाया पाणी घेऊन गेल्या आणि त्यांनी आमच्याकडं पाहिलं. मी बसून राहिलो. हे किती वेळ चालणार, असं माझ्या मनात आलं. घरी गेल्यावर हात धुवायचा, हेही मनात आलं. मी ते आणलं नाही, ते आपोआप आलं. मी बोट हलवलं नव्हतं, चेहरा सरळ ठेवला होता.

तरीही तातेरावांना ते कळलं. त्यांनी माझा हात अलगद उचलून माझ्याच मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "या आता, केशवराव. उन्हं उतरायलीत."

मी रूळ ओलांडून परत आलो.